दाखवायचे दात, खायचे दात : तारेचा इतिहास आणि एक न मिटलेला वाद

आपल्याकडे ‘मुलीच्या दातांना तार लावली आहे’ असे कोणी म्हटले की पुढे फार विचारावे लागत नाही. तार काय करते, साधारण किती दिवस राहते, खर्च किती येतो, हे ऐकणाऱ्याला ढोबळमानाने ठाऊक असते. एका प्रश्नाशी मात्र घरे अजूनही अडतात. तपासणी झाल्यावर एक दंतवैद्य सांगतात, ‘जागा करायला चार दात काढावे लागतील.’ म्हणून दुसऱ्यांचे मत घ्यावे, तर ते म्हणतात, ‘एकही काढायची गरज नाही.’ दोघेही शिकलेले, दोघांच्याही दाराशी गर्दी. आईवडील गोंधळतात आणि दोघांपैकी एक जण नक्की फसवतो आहे असे ठरवून मोकळे होतात.

मी दंतवैद्य नाही. जुनी नियतकालिके वाचण्याचा नाद असलेला एक वाचक आहे. त्या वाचनातून माझ्या लक्षात आले ते असे, की या दोघांमधला मतभेद त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालत आलेला आहे. त्याला पक्ष आहेत, गुरु-शिष्य परंपरा आहे, बंडे आहेत, आणि विजयाच्या व पराभवाच्या तारखाही आहेत. या लेखात तो वाद आणि त्याच्याबरोबर घडत गेलेली साधने यांचा माग घ्यायचा आहे. कारण तारेचा इतिहास म्हणजे नुसता धातूंचा आणि हत्यारांचा इतिहास नाही. दात कुठे असला म्हणजे ‘सरळ’ म्हणायचा, हे कोणी आणि कशावरून ठरवले याचाही तो इतिहास आहे.

आपल्या भाषेत हत्तीवरून एक म्हण आहे: दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे. ती ढोंगी माणसाबद्दल वापरतात. पण या शास्त्रातला सगळा वाद त्या म्हणीत अक्षरशः मावतो. वैद्याने चेहऱ्याकडे पाहून उपचार ठरवायचा की दाढांकडे पाहून?

पट्टी आणि दोरा

वाकडा दात ढकलून सरळ करता येतो, ही कल्पना फार जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस याने आपल्या वैद्यकग्रंथात सांगून ठेवले आहे की, दुधाचा दात पडण्याआधीच नवा दात मागून उगवला, तर दुधाचा दात काढावा आणि नवा दात रोज बोटाने दाबत दाबत जागेवर आणावा. आपल्याकडच्या आज्याही नातवंडांना हेच सांगत आल्या आहेत.

बोटाच्या जागी साधन आले ते अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. पिएर फोशार याला आधुनिक दंतवैद्यकाचा जनक म्हणतात. १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात एका पट्टीचे वर्णन आहे. सोन्याची किंवा चांदीची, घोड्याच्या नालासारखी वाकवलेली, ठरावीक अंतरावर भोके पाडलेली. पट्टी दातांना लावायची आणि वाकडा दात दोऱ्याने त्या भोकांशी बांधायचा. दोरा दाताला पट्टीकडे ओढतो. आजची तार पाहिली तर तत्त्व तेच दिसते: एक ताठ कमान, आणि तिच्याशी बांधलेला प्रत्येक दात. घाई असेल तर फोशार दात उपटायच्या चिमट्याने वाकडा दात एका झटक्यात फिरवायचा आणि शेजारच्या दातांना बांधून ठेवायचा. रोग्याचे काय होत असेल, याची कल्पनाच करावी.

फोशारनंतर तीसेक वर्षांनी, १७५७ मध्ये, एतिएन बुर्दे या राजवैद्याने दातांची गर्दी असेल तर सुळ्यामागची लहान दाढ, म्हणजे उपदाढ, दोन्ही बाजूंची काढावी असा सल्ला दिला. दोन्ही बाजूंची अशासाठी, की तोंड एका अंगाला कलू नये. म्हणजे पट्टी आणि पक्कड, दात हलवणे आणि दात काढणे, हे दोन्ही मार्ग जवळपास एकाच काळी जन्मले. पण अजून त्यांच्यात भांडण नव्हते. भांडायला सिद्धान्त लागतो आणि तो यायला आणखी दीडशे वर्षे होती.

हाड वाट देते

इथे थोडे थांबून दात मुळात हलतो कसा, हे पाहायला हवे. भिंतीत ठोकलेला खिळा बाजूला ओढला तर भिंत फुटते. दात हाडात रोवलेला असूनही हाड फुटत नाही, कारण हाड जिवंत आहे. १७७१ मध्ये इंग्रज शल्यवैद्य जॉन हंटर याने मानवी दातांवर ग्रंथ लिहिला, तेव्हाच दाब आला की हाड वाट देते हे त्याच्या ध्यानात आले होते. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा धाग्यांचा एक थर असतो. दात एका बाजूला ढकलला की त्या बाजूचा थर दबतो आणि तिथल्या पेशी हाड विरघळवू लागतात. उलट बाजूला थर ताणला जातो आणि तिथे नवे हाड तयार होते. दात हाडातून ‘सरकतो’ म्हणण्यापेक्षा हाडच त्याच्याभोवती पुन्हा पुन्हा बांधले जाते, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. साधारण महिन्याला एक मिलिमीटर, एवढाच वेग.

हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला विसावे शतक उजाडले. स्वीडनच्या कार्ल सांडस्टेड याने कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून १९०४ च्या सुमारास ते दाखवून दिले. जोर जास्त झाला तर त्या थरातला रक्तपुरवठाच थांबतो, तिथल्या पेशी मरतात आणि दात पुढे जाण्याऐवजी अडून बसतो, हेही त्यानेच दाखवले. १९३२ मध्ये व्हिएन्नाच्या श्वार्त्स याने योग्य दाबाचे माप सांगितले: मुळाच्या दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम, म्हणजे केशवाहिन्यांतल्या रक्ताच्या दाबाइतका. जोर केला म्हणजे काम लवकर होते हा व्यवहारातला अनुभव दातांना लागू पडत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांना यातले काही ठाऊक नव्हते, पण हाताला अंदाज होता. न्यूयॉर्कच्या जॉन नटिंग फरार याचा नियम असा, की स्क्रू सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा फिरवावा आणि दर वेळी दात इंचाचा २४० वा भाग सरकावा. इमर्सन अँजेल या कॅलिफोर्नियातल्या दंतवैद्याने १८६० मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलीच्या टाळूवर स्क्रू बसवला. दोन आठवड्यांत तिच्या जबड्याची दोन अर्धुके मधल्या सांध्यातून विलग होऊन जागा झाली, असे त्याने लिहिले. व्यवसायबंधूंनी विश्वास ठेवला नाही. तीच युक्ती प्रतिष्ठित व्हायला पुढे शंभर वर्षे लागली. १९६१ मध्ये अँड्र्यू हास याने ती पुन्हा मांडली आणि आज ती नित्याची झाली आहे.

जर्मन सिल्व्हर आणि एक दाढ

या सगळ्या सुट्या युक्त्यांचे शास्त्र केले ते एडवर्ड हार्टली अँगल याने. जन्म १८५५, पेनसिल्व्हेनियातल्या शेतकरी घरात. हाताने अत्यंत कुशल, स्वभावाने तापट, शिष्यांवर जीव लावणारा आणि विरोधकांना न विसरणारा. आपल्या आज्यांच्या मांडणीवर जर्मन सिल्व्हरची भांडी असत. नावात चांदी असली तरी त्यात तांबे, जस्त आणि निकेल एवढेच असते. अँगलने याच मिश्रधातूची तार दातांसाठी वापरली. सोन्याच्या मानाने ती स्वस्त होती आणि कारखान्यात तयार करून ठेवता येत होती. तोवर प्रत्येक दंतवैद्य रोग्यागणिक नवे साधन घडवत असे. अँगलने तयार भागांचे संच विकायला काढले आणि पेटंटे घेतली. १९०० मध्ये सेंट लुईस इथे त्याने केवळ या विषयाची शाळा सुरू केली.

त्याची खरी कमाई मात्र १८९९ मध्ये ‘डेंटल कॉसमॉस’ या मासिकात आलेला वर्गीकरणाचा लेख ही आहे. वाकडेपणाचे असंख्य प्रकार त्याने एका दाढेवरून तीन वर्गांत बसवले. सहाव्या वर्षी येणारी वरची पहिली कायमची दाढ ही त्याची किल्ली. तिचा पुढचा, बाहेरचा उंचवटा खालच्या दाढेच्या बाहेरच्या खोबणीत बसला पाहिजे. दाढा अशा बसल्या असूनही पुढचे दात वाकडे असले तर पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली तर दुसरा, म्हणजे आपण ‘दात पुढे आहेत’ म्हणतो त्यातले बरेच. खालची दाढ पुढे गेली तर तिसरा, म्हणजे हनुवटी पुढे आलेली. सव्वाशे वर्षे झाली, तरी पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या दवाखान्यातल्या कागदावर आजही हेच तीन वर्ग लिहिले जातात.

अँगलने खाण्याच्या दातांपासून सुरुवात केली, हे इथे लक्षात घ्यावे. पण दाखवायच्या दातांचा प्रश्न त्याला टाळता येत नव्हता. आधी त्याने सुंदर चेहऱ्याचा नमुना म्हणून अपोलो बेल्व्हेडेर या प्राचीन पुतळ्याचा आधार घेतला. मग सेंट लुईसमधले चित्रकलेचे शिक्षक एडमंड वुर्पेल यांना त्याने चेहऱ्याच्या सौंदर्याचा नियम विचारला. असा एकच नियम सर्व माणसांना लावता येणार नाही, असे वुर्पेल यांनी सांगितले. अँगलने यातून जो मार्ग काढला, तो तर्क म्हणून विलक्षण आहे. निसर्गाने प्रत्येकाला त्याच्या चेहऱ्याला साजेसे पूर्ण दात दिले आहेत. तेव्हा सगळे दात ठेवून त्यांची जुळणी अचूक केली की त्या माणसाचा चेहरा त्याच्यापुरता सर्वोत्तम होणारच. खायचे दात नीट बसवा, दाखवायचे दात आपोआप नीट दिसतील. दात सरळ होऊन चावू लागले की त्यांच्याखाली पुरेसे हाडही तयार होईल, कारण कामाप्रमाणे हाडाची घडण बदलते हा युलियस वोल्फ या जर्मन वैद्याचा सिद्धान्त तेव्हा नवा होता.

या विचारातून एक आज्ञा निघाली: निरोगी दात काढायचा नाही. आधीच्या आवृत्त्यांमध्ये काही प्रसंगी दात काढायला मुभा देणारा अँगल १९०७ च्या सातव्या आवृत्तीत पूर्ण विरोधात गेला. त्या आवृत्तीत एका कवटीचे चित्र आहे. सगळे दात जागच्या जागी, जुळणी निर्दोष. अँगलने तिला ‘ओल्ड ग्लोरी’ म्हटले. अमेरिकन माणूस आपल्या राष्ट्रध्वजाला याच नावाने हाक मारतो.

१९११ चा खटला

विरोध केला तो शिकागोच्या कॅल्व्हिन केस याने. दोघांचे आधीपासून पटत नव्हते. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये रबरबँड लावून जबड्यांची जुळणी सुधारण्याची युक्ती पहिल्यांदा कोणी वापरली, यावरूनही त्यांच्यात वाद होता. केसचा मुद्दा सरळ होता. मुलाला दात एका बाजूकडून आणि जबडा दुसऱ्या बाजूकडून मिळू शकतो. मोठे दात आणि लहान जबडा असा योग आला तर सगळे दात कमानीत बसवता येतील, पण मग ते ओठांना पुढे ढकलतील आणि चेहरा बिघडेल. अशा मोजक्या रोग्यांत उपदाढा काढणे हाच शहाणपणा आहे. केस आधी चेहरा पाहत होता. चेहऱ्याचे प्लास्टरचे साचे घेऊन तो उपचार ठरवी.

१९११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय दंतवैद्यक संघटनेपुढे केसने आपला निबंध वाचला. अँगलच्या बाजूने उत्तर द्यायला त्याचा शिष्य मार्टिन ड्यूई उभा राहिला. तज्ज्ञांच्या वाङ्मयात ही चर्चा ‘महावाद’ म्हणून ओळखली जाते. तो वाचताना मला सारखे वाटत राहिले की, दोन्ही पक्षांकडे पुरावा म्हणण्यासारखे फार थोडे होते. दोघेही आपापले उत्तम रोगी दाखवत होते. दहा वर्षांनंतर त्या दातांचे काय झाले, हे कोणीच मोजले नव्हते. मग जिंकले कोण? शाळा कोणाची होती, पाठ्यपुस्तक कोणाचे होते, साधने कोणाची विकली जात होती, यावर निकाल लागला. अँगल जिंकला. पुढची दोन-अडीच दशके अमेरिकेत या उपचारासाठी दात काढणे जवळपास निषिद्ध झाले.

शिष्यांचे बंड

अँगल साधने सुधारत राहिला. १९०७ ची साधी कमान दातांना फक्त ओढून बाहेर आणू शके, मूळ जागचे हलत नसे. म्हणून आधी नळी आणि खुंटीचे साधन आले, मग चपट्या तारेचे, आणि शेवटी १९२५ मध्ये त्याने ‘एजवाइज’ ब्रॅकेट मांडले. ०.०२२ इंच रुंद आणि ०.०२८ इंच खोल अशी आडवी खाच, तिच्यात चौकोनी काटछेदाची तार. गोल तार खाचेत फिरते, चौकोनी फिरू शकत नाही. तिला पीळ दिला की तो दाताच्या मुळापर्यंत पोचतो. दात नुसता कलंडवायचा नाही, मुळासकट हलवायचा, हे यामुळे शक्य झाले. आज दाताच्या पुढच्या बाजूला दिसणाऱ्या बहुतेक ब्रॅकेटांचे मूळ या खाचेत आहे. १९३० मध्ये अँगल वारला, तेव्हा आपण परिपूर्ण साधन मागे ठेवतो आहोत अशी त्याची खात्री होती.

ते साधन पुढे न्यायचे काम त्याने ज्याच्यावर सोपवले, तो चार्ल्स ट्वीड हा ॲरिझोनातल्या टूसॉनचा. दंतोपचाराच्या या शाखेला स्वतंत्र मान्यता देणारा अमेरिकेतला पहिला कायदा १९२९ मध्ये ॲरिझोनात झाला, तो ट्वीडच्या खटपटीमुळे. गुरूच्या आज्ञेप्रमाणे काही वर्षे एकही दात न काढता उपचार केल्यावर ट्वीडने आपले जुने रोगी पुन्हा तपासले. अनेकांचे ओठ पुढे आलेले होते. बऱ्याच जणांचे दात तार काढल्यावर पुन्हा वाकडे झाले होते. मग त्याने जे केले, ते या व्यवसायाच्या इतिहासात क्वचितच कोणी केले असेल. त्याने त्याच रोग्यांना परत बोलावले, उपदाढा काढल्या आणि पुन्हा उपचार केले. १९३६ मध्ये पहिला लेख, आणि १९४० मध्ये दोनदा उपचार केलेल्या शंभर रोग्यांचे साचे त्याने व्यवसायबंधूंपुढे मांडले. अँगलचे निष्ठावंत संतापले. पण साचे समोर होते.

यात एक विसंगती दडलेली आहे. दात काढल्यावर पडलेली फट नीट मिटवायची तर शेजारचे दात मुळासकट सरकवावे लागतात. ते करू शकणारे साधन अँगलनेच घडवले होते. दात न काढण्यासाठी केलेले हत्यार दात काढणाऱ्यांच्या सर्वांत उपयोगी पडले.

दुसरा बंडखोर दूर ऑस्ट्रेलियात होता. ॲडलेडचा रेमंड बेग १९२४-२५ मध्ये पॅसाडिना इथे अँगलपाशी शिकला. मायदेशी परतल्यावर त्याने तिथल्या आदिवासींच्या जुन्या कवट्या अभ्यासल्या. त्यांच्या भरड, वाळूमिश्रित अन्नामुळे दात वरून झिजत, तसे एकमेकांना लागणाऱ्या बाजूंनीही झिजत. त्यामुळे दातांची रांग वयाबरोबर आखूड होई. बेगचे म्हणणे असे, की मऊ अन्नामुळे ही झीज थांबली आणि रांगेला जागा अपुरी पडू लागली. निसर्ग जे झिजवून काढत असे, ते आपण दोन-चार उपदाढांच्या रूपाने काढतो. १९५४ मध्ये त्याने हा सिद्धान्त अश्मयुगीन माणसाच्या दातांच्या नावाने मांडला. साधनही त्याचेच: अँगलचे जुने चपट्या तारेचे ब्रॅकेट त्याने उलटे लावले आणि धातुतज्ज्ञ आर्थर विल्कॉक याच्याकडून अतिशय ताठ, बारीक, गोल पोलादी तार तयार करून घेतली.

आपल्यापर्यंत पोचली ती ही ऑस्ट्रेलियाची वाट. १९६५ मध्ये इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढची दोन-तीन दशके आपल्या दंत महाविद्यालयांत बेगच्या पद्धतीचा मोठा पगडा होता. त्या पिढीच्या दंतवैद्यांनी चार उपदाढा काढायला सहज सांगितले असेल, तर त्यामागे ॲडलेडमधल्या कवट्या होत्या, ही गोष्ट खुर्चीवर बसलेल्या रोग्याच्या गावीही नसे.

बेगचा झिजेचा सिद्धान्त पुढे तसाच टिकला नाही. रॉबर्ट कोरुचिनी या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात वेगळे स्पष्टीकरण मांडले. त्याच्या मते झीज थांबली हे खरे कारण नव्हे; लहानपणी चावून खायला लागत नाही म्हणून जबड्याची वाढच कमी होते. यासाठी त्याने उत्तर भारतातही सहकाऱ्यांबरोबर पाहणी केली होती आणि शहरी मुलांमध्ये वाकडे दात ग्रामीण मुलांपेक्षा जास्त आढळले होते.

युरोपची ‘क्लिप’

अमेरिकेत सोन्याच्या तारा दातांना जोडल्या जात होत्या, तेव्हा युरोपने दुसरी वाट धरली होती. डेन्मार्कचा व्हिगो आंद्रेसेन याच्या मुलीच्या दातांना तार होती. सुटीसाठी ती बाहेरगावी जाणार म्हणून त्याने तार काढली आणि रात्री घालायला एक सैल पट्टी दिली. ती तोंडात असली की खालचा जबडा पुढे धरावा लागे. सुटीनंतर पाहतो तर दातांची जुळणी तार असतानापेक्षाही सुधारलेली. पुढे नॉर्वेत त्याने कार्ल हॉयप्लबरोबर या साधनाचा प्रसार केला. यात तारेचा जोर नव्हता. मुलाच्या स्वतःच्या स्नायूंकडून काम करून घ्यायचे, तेही वाढीच्या वयात.

युरोपला हे मानवण्यामागे पैशाचाही भाग होता. सोने महाग आणि सामाजिक विम्यातून खूप मुलांवर थोड्या खर्चात उपचार करायचे होते. काढता-घालता येणारी पट्टी त्याला सोयीची. अमेरिकेच्या चार्ल्स हॉली याची टाळूवरची पट्टी आणि बेलफास्टच्या फिलिप ॲडम्स याचा दाढेला धरणारा तारेचा फास ही त्यातली दोन साधने जगभर गेली. आपल्याकडे लोक जिला ‘क्लिप’ म्हणतात ती बहुधा हीच. आपल्या दंत महाविद्यालयांतले विद्यार्थी आजही पक्कड घेऊन ॲडम्सचा फास वाकवायला शिकतात, आणि बोटे दुखेपर्यंत शिकतात.

चिकटवण, लवचीक तार, पारदर्शक साचा

यानंतरचे शोध झपाट्याने सांगता येतील, कारण त्यांनी सोय वाढवली, मूळ प्रश्नाला हात घातला नाही. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवावे लागे. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर याने दाताच्या पृष्ठावर फॉस्फोरिक आम्ल लावून ते खरखरीत केले. धातूला रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत असेच करतात, त्यावरून त्याला हे सुचले. दशकभरात ब्रॅकेट दातावर थेट चिकटवता येऊ लागले. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर याने निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू शोधला होता. आयोवाच्या जॉर्ज अँड्रिसन याने १९७० च्या दशकारंभी त्याची तार दातांना लावली. कितीही वाकवली तरी ती हळूहळू मूळ आकारात येते आणि तेवढा वेळ हलका, सारखा दाब देत राहते. श्वार्त्सने सांगितलेले माप पाळणारा धातू अखेर मिळाला.

१९७२ मध्ये लॉरेन्स अँड्र्यूज याने कधीही उपचार न घेतलेल्या १२० उत्तम दंतरचनांचे साचे मोजून आदर्श जुळणीची सहा लक्षणे सांगितली आणि ती मापे ब्रॅकेटच्या खाचेतच कोरली. आता तार वाकवत बसायला नको. आदर्श ब्रॅकेटमध्येच भरलेला. १९९७ मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी सुरू केलेल्या कंपनीने ‘इन्व्हिजलाइन’चे पारदर्शक साचे आणले. एकामागून एक साचे बदलायचे, दर साच्यामागे दात पाव मिलिमीटरच्या आसपास सरकतो. कल्पना १९४५ ची, हॅरल्ड केसलिंगची. तिला संगणकाची जोड मिळाली. पडद्यावर आज दिसणारे आणि वर्षाअखेर होणारे दात शेजारी शेजारी पाहता येतात. त्या पडद्यावरच्या दातांनी शेवटी कुठे थांबायचे, हे मात्र पूर्वीप्रमाणेच कोणीतरी ठरवावे लागते.

३०, ७६, २८

आता मूळ वादाकडे. या साऱ्या काळात दात काढण्याचे प्रमाण कसे बदलले? १९९४ मध्ये विल्यम प्रॉफिट याने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या चाळीस वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. १९५३ मध्ये शंभरातल्या ३० रोग्यांचे दात काढले गेले. १९६८ मध्ये ७६. आणि १९९३ मध्ये २८.

या तीन आकड्यांपाशी मी बराच काळ थांबलो. एकाच दवाखान्यात येणाऱ्या मुलांचे जबडे पंधरा वर्षांत निम्म्याने आक्रसले आणि पुढच्या पंचवीस वर्षांत पुन्हा रुंदावले, असे तर झाले नसेल. बदलले ते पाहणाऱ्याचे मत. चढावर ट्वीड आणि बेग होते. उताराला अनेक कारणे. ओठ किंचित भरलेले असणे अमेरिकेत सुंदर मानले जाऊ लागले. १९८७ मध्ये मिशिगनमध्ये एका खटल्यात, उपदाढा काढून केलेल्या उपचारामुळे जबड्याच्या सांध्याला त्रास झाला या दाव्यावर मोठी भरपाई देण्याचा निकाल लागला आणि व्यवसायाने त्याची धास्ती घेतली. नंतरच्या अभ्यासांत तसा संबंध सिद्ध झाला नाही, पण सवय बदलून गेली होती.

तिसरे कारण अधिक बोचरे आहे. दात काढले म्हणजे ते पुन्हा वाकडे होत नाहीत, हा ट्वीडपक्षाचा भक्कम दावा. वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिट्ल आणि सहकाऱ्यांनी उपदाढा काढून उपचार केलेल्या ६५ जणांना रिटेनर सुटून दहा वर्षे झाल्यावर पुन्हा तपासले. खालचे पुढचे दात समाधानकारक राहिले होते ते शंभरात तिसांहून कमी जणांचे. हा अहवाल १९८१ चा. १९११ मध्ये जे मोजायला हवे होते, ते सत्तर वर्षांनी मोजले गेले आणि दोन्ही पक्षांचा आधार निसटला. अँगल म्हणत होता, जुळणी अचूक करा म्हणजे दात टिकतील. ट्वीड म्हणत होता, जागा करा म्हणजे टिकतील. दात दोघांचेही ऐकत नाहीत. म्हणून आज तार काढल्यावर वर्षानुवर्षे, कधी आयुष्यभर, रात्री रिटेनर घाला असे सांगतात.

कोणाचे माप, कोणाचा चेहरा

आदर्शाचे मापही कुठून आले, ते पाहण्यासारखे आहे. डोक्याच्या क्ष-किरण चित्रावरून चेहऱ्याचे कोन मोजण्याची पद्धत १९३१ मध्ये आली. विल्यम डाउन्स याने १९४८ मध्ये दिलेली ‘योग्य’ मापे अमेरिकेतल्या फक्त २० गोऱ्या मुलामुलींवरून काढलेली होती. ती जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. पुढे भारतीय संशोधकांनी आपल्याकडच्या निरनिराळ्या समाजांतले चेहरे मोजले आणि मापे जुळत नाहीत हे दाखवले. अपोलोचा पुतळा बाजूला ठेवला, पण त्याची जागा रिकामी राहिली नव्हती.

ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या पैशातून मुलांना तारा लावल्या जातात. कोणाला लावायची हे ठरवायला तिथे १९८९ मध्ये पीटर ब्रुक आणि विल्यम शॉ यांनी मोजपट्टी मांडली. तिचे दोन वेगळे भाग आहेत. एका भागात दातांच्या आरोग्याच्या पाच पायऱ्या: वरचे दात किती मिलिमीटर पुढे, एखादा दात हाडात अडकला आहे का, चावताना जबडा घसरतो का. दुसऱ्या भागात दहा छायाचित्रे, सर्वांत देखण्या दातांपासून सर्वांत बेढब दातांपर्यंत. मुलाचे दात कोणत्या चित्राजवळ येतात ते पाहायचे. खायचे दात एका रकान्यात, दाखवायचे दुसऱ्या. दोन्ही खरे, पण त्यांची बेरीज करून एक आकडा काढायचा नाही. अँगलने जे दोन प्रश्न एकच आहेत असे मानले होते, ते वेगळे मांडायला सरकारी हिशेबाची गरज पडली.

दाखवायच्या दातांना मी कमी लेखत नाही. शाळेत ‘दात्र्या’ म्हणून चिडवले गेलेले मूल हसताना तोंडावर हात धरायला शिकते आणि मोठेपणीही तो हात तसाच वर जातो. त्या हाताला खाली आणणे हे वैद्यकाचे काम नाही असे कोण म्हणेल? पण मग ते तसे म्हणावे. ‘चावण्यासाठी आवश्यक’ आणि ‘हसण्यासाठी हवे’ ही दोन वेगळी कारणे आहेत आणि त्यांची किंमत वेगवेगळ्या तराजूत ठरते.

म्हणून दोन दंतवैद्यांची दोन मते ऐकून गोंधळलेल्या आईवडिलांनी ‘कोणती तार चांगली’ याआधी दोन प्रश्न विचारावेत. दात काढले तर चेहऱ्यात काय बदलेल, आणि नाही काढले तर काय बदलेल? आणि तार काढल्यावर दात जागेवर राहण्यासाठी काय, किती वर्षे करावे लागेल? ज्याला आपल्या शास्त्राचा इतिहास ठाऊक आहे तो या प्रश्नांनी चिडणार नाही. तो मुलाला खुर्चीत सरळ बसवील, बाजूने त्याचा चेहरा पाहील, मग तोंड उघडायला सांगेल आणि दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडून दाखवील. निर्णय काहीही होवो, तो कशासाठी घेतला हे त्या मुलाला मोठेपणी सांगता आले पाहिजे. तोंडातली तार दोन वर्षांत निघते. काढलेला दात किंवा बदललेला चेहरा त्याच्याजवळ जन्मभर राहतो.